खबऱ्याचे पुढे काय होते?

व्हिडिओ गेम हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषय होऊ शकत नाही, असे मानणाऱ्यांशी आमचा पहिला वाद आहे. आणि 'तो नुसता खेळ आहे, त्याला साहित्याचे निकष कशाला?' असे विचारणाऱ्यांशी दुसरा. वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांच्या विरोधात उभे आहेत. पण दोघांच्या म्हणण्याचे तात्पर्य एकच निघते : या गोष्टींची चिकित्सा करू नये. आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मराठी शिकवणारे काही अध्यापक आहोत, आणि ही चिकित्सा टाळणे निदान आम्हाला तरी परवडणारे नाही. कारण आता या खेळाचा नकाशा आमच्याच जंगलाचा काढला जाऊ लागला आहे.

निमित्त एका संकल्पनेचे आहे. आमच्याच भागातील, मराठी घेऊन पदवीधर झालेल्या एका तरुणाने चोरपावलांच्या हेरगिरीच्या नव्या गेमचा आराखडा लिहिला आणि आमच्यापैकी एकाकडे वाचायला दिला. असे आराखडे लिहिण्याची चाहत्यांमध्ये रीतच आहे. 'स्प्लिंटर सेल' ही गाजलेली मालिका २००२ साली सुरू झाली, २०१३ च्या 'ब्लॅकलिस्ट'पाशी थांबली आणि २०२१ मध्ये घोषणा झाली ती पहिल्याच भागाच्या नव्या बांधणीची. या रिकाम्या वर्षांत पुढचा भाग कसा असावा हे जगभरचे चाहते लिहीत राहिले. लेखकाने न लिहिलेल्या कादंबरीचा आराखडा वाचकाने लिहावा, असा हा प्रकार आहे. तो हसण्यावारी नेणाऱ्यांनी एवढे आठवावे की बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी त्या वाचल्या आणि मराठी समीक्षेने त्यांना जवळजवळ उंबऱ्याबाहेरच ठेवले. त्या कथांनी वाचकाला काय पाहायला शिकवले आणि काय न पाहायला शिकवले, हा प्रश्न त्यामुळे विचारायचा राहून गेला. तोच प्रकार पुन्हा घडू नये.

प्रथम गुणांविषयी. आराखडा लिहिणाऱ्याला जंगल ठाऊक आहे. एप्रिलमध्ये सागाच्या वाळलेल्या पानांवर पाऊल वाजते, म्हणून त्याने उन्हाळ्यातील टप्पे अवघड ठेवले आहेत. आषाढात पावसाच्या आवाजात पाऊल लपते, पण पर्लकोटा फुगली की भामरागडची वाट बंद होते, म्हणून पावसाळ्यात नायकाला परतीची वेळ पाळावी लागते. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पहाटे झाडाखाली माणसे असतात, म्हणून तेव्हा अंधाराचा भरवसा नाही. हे तपशील ग्रंथालयात बसून सुचत नाहीत. वर्णनाच्या नावाखाली 'घनदाट अरण्य' एवढेच लिहून मोकळे होणाऱ्या कितीतरी छापील कादंबऱ्यांपेक्षा ही पाने सरस आहेत.

आता आमचा आक्षेप. आराखड्याचा नायक दिल्लीहून आलेला एक अधिकारी आहे. तो एकटा रात्री जंगलात शिरतो, दलमच्या तळापर्यंत पोहोचतो, कागदपत्रे मिळवतो आणि उजाडण्यापूर्वी बाहेर पडतो. ताडोब्याचे वाघ आणि भामरागडचे दलम यांना एकाच नकाशात बसवण्याची सवलत त्याने घेतली आहे. ती आपण कथेची गरज म्हणून सोडून देऊ. वाटेत गावे लागतात. गावातील माणसे हे हलते अडथळे आहेत : कोणाच्या नजरेस पडलात तर ओरडा होतो आणि मोहीम फसते. शिवाय प्रत्येक गावात एक खबऱ्या आहे. त्याला पैसे दिले की नकाशाचा काळोखा भाग उजळतो. नायक पुढे जातो. खबऱ्या त्यानंतर कुठेही येत नाही.

त्याचे पुढे काय होते? एवढ्या पानांत याचे उत्तर देणारी एक ओळही नाही. आमचा सगळा वाद या न लिहिलेल्या ओळीविषयी आहे.

हा दोष एका तरुणाचा म्हणता येणार नाही. त्याने ज्या प्रकारात लिहिले त्या प्रकाराच्या व्याकरणातच तो आहे. 'थीफ' (१९९८) या गेममध्ये आपण किती उजेडात आहोत हे पडद्यावरचे एक रत्न खेळाडूला सांगते. 'मेटल गिअर सॉलिड ३' (२००४) हा तर १९६४ च्या सोव्हिएत जंगलातच घडतो आणि झाडोऱ्यात नायक किती मिसळला आहे याचा आकडा सतत दाखवतो. आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये ज्याने एक पिढी घडवली त्या 'प्रोजेक्ट आयजीआय'मध्ये (२०००) उपग्रहावरून शत्रूचा तळ न्याहाळता येतो. तात्पर्य, पाहण्याचा अधिकार नायकाचा. इतरांनी पाहणे हा धोका, आणि त्या धोक्याचे निवारण करायचे ते त्यांना चुकवून, बेशुद्ध करून अथवा मारून. कथनमीमांसेत आपण ज्याला दृष्टिबिंदू म्हणतो, तो येथे तंत्राचा भाग राहत नाही. तोच खेळाचा नियम होतो. जो पाहतो तो माणूस. बाकीची सगळी नेपथ्यातली मांडणी.

हे व्याकरण परक्या गुदामात किंवा कल्पित लष्करी तळावर चालून जाते. गडचिरोलीत ते चालत नाही, कारण येथे 'खबऱ्या' हे पात्राचे नाव नाही; तो आरोप आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी दलम या भागात आले. तेव्हापासून या आरोपावरून मारल्या गेलेल्या सामान्य माणसांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूर या गावच्या तिघांना नक्षलवाद्यांनी ठार केले. आदल्या वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, पोलिसांशी झालेल्या मोठ्या चकमकीत त्यांचे चाळीस जण मारले गेले होते; त्या चकमकीची खबर या तिघांनी दिली, असा त्यांच्यावर ठपका होता. खबर खरोखर कोणी दिली, हा प्रश्न अशा वेळी उरत नाही. संशय आणि शिक्षा यांच्यामध्ये पुराव्याला जागा नसते.

संशयाची कारणे तरी कोणती? आठवडी बाजाराला गेला आणि उशिरा परतला. तालुक्याच्या गावी दोन दिवस राहिला. नवा मोबाइल घेतला. दुसऱ्या बाजूलाही हाच न्याय उलट्या दिशेने लागे. रात्री बंदूकधारी माणसे दारात उभी राहिली तर भात शिजवून द्यावाच लागे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मग दिवसा दुसरी बंदूकधारी माणसे येत आणि रात्री भात कोणी शिजवला ते विचारत. या दोन प्रश्नांच्या मध्ये जो राहिला, तो हेर नव्हता. पण हेराला लागते त्याहून अधिक सावधगिरी त्याला बाळगावी लागली, आणि तीही आयुष्यभर.

ही गोष्ट नक्षलवादाइतकी अलीकडचीही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस अशा गूढपुरुषांची यादी आहे हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. त्याच ग्रंथात वनात हेर म्हणून वनचर, श्रमण, आटविक यांना नेमावे असेही सांगितले आहे. अरण्यात राहणारा माणूस हा राज्याचा कान, ही कल्पना इतकी जुनी आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये बाबूराव शेडमाके यांच्या बंडातील लोकांनी अहेरीच्या परिसरात इंग्रजांच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला, म्हणजे घाव बातमी वाहणाऱ्या यंत्रणेवरच घातला. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. या कथेत वीर आहे, त्याला धरून देणारी सत्ता आहे, इंग्रज अधिकारी आहे. दोन्ही बाजूंच्या बातम्या ज्यांनी पायी वाहिल्या असतील, ती माणसे मात्र कथेत नाहीत. आराखड्यातला खबऱ्या नाहीसा होतो तो या परंपरेला धरूनच.

यावर हमखास येणारा बचाव म्हणजे कल्पनेचे स्वातंत्र्य. ते आम्हाला पूर्ण मान्य आहे. बंदीची भाषा आमची नाही. पण कल्पनेला स्वातंत्र्य हवे असेल तर तिने कल्पना तरी करावी. दिल्लीचा एकांडा अधिकारी ही कल्पना नाही, ती उसनवारी आहे. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपपासून 'आयजीआय'च्या डेव्हिड जोन्सपर्यंत हाच पुरुष वेगवेगळ्या गणवेशांत आपल्याला भेटत आला आहे. गडचिरोलीच्या वाटा पायाखाली असलेल्या तरुणाला नायक मात्र दिल्लीहून मागवावा लागतो, ही आमच्या दृष्टीने वाङ्मयीन घटना आहे आणि तिची गंभीर दखल घेतली पाहिजे.

उसनवारी कुठे उघडी पडते याचे एक उदाहरण. या प्रकारात नायकाने आडोशाला उभे राहून पहारेकऱ्यांचे बोलणे चोरून ऐकणे हा ठरलेला प्रसंग असतो. आराखड्यातही तो चार-पाच वेळा आहे. आमचा साधा प्रश्न : दिल्लीचा हा अधिकारी ऐकतो ते कोणत्या भाषेत? भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलली जाते, इतरत्र गोंडी. सिरोंच्याला तेलुगू कानावर पडते, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेल्या निर्वासितांच्या गावांत बंगाली. आराखड्यात मात्र सगळे मराठी बोलतात. कोणी म्हणेल, पडद्याखाली भाषांतराची ओळ येईल. म्हणजे ज्या अडचणीवर या प्रदेशाचा सगळा कारभार, सगळे न्यायदान आणि सगळे गैरसमज उभे आहेत, ती अडचण एका ओळीने मिटली! भाषा न कळणारा माणूस येथे चोरून काहीच ऐकू शकत नाही. त्याला दुभाषा लागेल. तो दुभाषा गावातला असेल. आणि दुभाष्याचे पुढे काय होते, हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

म्हणून आमची सूचना अशी की हा खेळ उलटा करावा. खेळाडूने गावकरी व्हावे. हे अशक्य कोटीतले नाही. पोलंडमधील एका संस्थेने २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम काढला. त्यात वेढा पडलेल्या शहरातील सैनिक आपण होत नाही, तेथील नागरिक होतो. रात्री चोरपावलांनी अन्न-औषधे शोधत हिंडतो. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घालत असल्याचे जाहीर केले. मराठीतही ही दृष्टी नवी नाही. विलास मनोहर यांनी हेमलकशाच्या अनुभवातून लिहिलेल्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीत माडिया तरुण दलमकडे कसा ढकलला जातो, हे माडिया माणसाच्या बाजूने पाहिले आहे.

असा खेळ झाला तर त्याचे नियमच बदलतील. शहरी हेरकथेत लपणे म्हणजे सुरक्षितता. गावात दोन दिवस दिसेनासे होणे हाच पुरावा ठरतो. तेव्हा येथे अंधार मोजणारे रत्न निरुपयोगी. येथे कौशल्य आहे ते सर्वांना नीट दिसत राहण्याचे. मे महिन्यात तेंदूपाने तोडायला कोणाबरोबर जायचे, बाजारातून किती वाजता परतायचे, कोणत्या प्रश्नाला किती उत्तर द्यायचे आणि गप्प राहिलो तर ते कोणाच्या बाजूचे धरले जाईल, हे ज्याला जमते तो टिकतो. वाघसुद्धा मग शोभेसाठी ठेवलेला धोका राहणार नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या कोणत्याही मोहिमेवर नव्हत्या. हंगामाचे चार पैसे मिळवायला गेल्या होत्या.

हे सगळे आताच का लिहायचे? ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा एक ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. लढाई ओसरू लागली की तिच्या गोष्टी सुरू होतात. चित्रपट येतील, मालिका येतील, गेमही येतील. २०२० साली पुण्याच्या एका संस्थेने 'राजी' हा गेम करून दाखवला आहे, तेव्हा येथे ते होणार नाही असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या दहा वर्षांत ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्याच पुढे इतिहास म्हणून पाठ होतात. त्या गोष्टींत कसनासूरची माणसे हलते अडथळे म्हणून जायची असतील, तर त्याला विरोध करणे हे मराठीच्या विभागांचेच काम आहे, आणि ते आजच करायला हवे.

त्या तरुणाला आम्ही आराखडा मोडीत काढायला सांगितलेले नाही. वाळलेल्या पानांचा आवाज, फुगलेली पर्लकोटा, मोहाखालची पहाट हे सगळे राहू द्यावे. फक्त एक पान वाढवावे. नायक पैसे देऊन निघून गेला आहे. नकाशा उजळला आहे. आणि खबऱ्या आपल्या घरी परत आला आहे. तेथून पुढची रात्र त्याने लिहावी, आणि ती खेळाडूला खेळायला लावावी. ते पान लिहून झाल्यावरही नायक दिल्लीचाच ठेवावासा वाटला, तर आमची हरकत नाही.