सायकलीचा रंग कोणी ठरवायचा?

नव्या सायकलीचा रंग कोणी निवडायचा? जी चालवणार, तिनं. एवढं सोपं उत्तरही आपल्याकडं सरकारला पचत नाही आणि घरातल्या मोठ्यांनाही पचत नाही.

राजस्थानचं उदाहरण घ्या. तिथं सरकारी शाळेत नववीत आलेल्या मुलींना मोफत सायकल मिळते. योजना चांगलीच आहे. पुढची शाळा लांबच्या गावी असली की पहिल्यांदा मुलीचं शिक्षण थांबतं, हे मास्तरकी करणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आधी या सायकली काळ्या असत. वसुंधरा राजे यांच्या सरकारनं त्या भगव्या केल्या. डिसेंबर २०१८ मध्ये काँग्रेसचं सरकार आलं आणि सायकल पुन्हा काळी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये भाजप परत आला आणि सायकल पुन्हा भगवी झाली. पोरगी तीच, रस्ता तोच, चढही तोच. बदलली ती फक्त खुर्ची.

माझी तक्रार भगव्या रंगाबद्दल नाही. खरं तर दिवेलागणीला खेड्यातल्या अंधाऱ्या रस्त्यावर काळ्या सायकलीपेक्षा नारिंगी सायकल लवकर नजरेस पडते. मागून ट्रक येत असेल तर हा फरक जिवाचा आहे. पण रंग त्यासाठी बदलला म्हणावं, तर तो प्रत्येक सरकारागणिक का बदलतो? अंधारात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे निवडणुकीच्या निकालानं ठरत नाही. सायकलीचा झेंडा करायचा आणि तो नववीतल्या पोरीच्या हाती द्यायचा, याला मी कल्याणकारी योजना म्हणणार नाही.

आता जरा आपल्या घरात डोकावू. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे खात्यावर मिळतात. सायकल दुकानात जाऊन आपण घ्यायची. म्हणजे इथं सरकारचा रंग नाही. मग मुलीच्या मनासारखं होतं का? माझ्या वर्गातल्या एका मुलीला नारिंगी सायकल आवडली होती. घरचे म्हणाले, "हा आपला रंग नाही, मोहल्ल्यात लोक काय म्हणतील?" दुकानदारानंही अम्मीचा बुरखा पाहून आधी हिरवीच पुढं केली होती. शेवटी गुलाबी घेतली, कारण ती 'मुलींची' असते. तीन मोठ्या माणसांनी तीन कारणं सांगितली. त्यात तिचं एकही नव्हतं.

सरकारनं रंग लादला की आपण बोट दाखवतो. दाखवायलाच हवं. पण मग आपल्या पोरीला 'हा त्यांचा रंग' म्हणून आपण सांगतो, तेव्हा त्याच वाटणीवर आपणही सही करत नाही का?

ही वाटणी मुळातच खोटी आहे. हिरवा मुसलमानांचा म्हणता? मग मराठी हिंदू नवरीच्या हातातला हिरवा चुडा कोणाचा? आणि तो भरणारा कितीतरी गावांत मुसलमान मणियार असतो, त्याचं काय? पिवळा हिंदूंचा म्हणता? दिल्लीत हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्यावर दरवर्षी वसंत साजरा होतो, तेव्हा लोक पिवळी वस्त्रं आणि पिवळी फुलं घेऊन येतात. भगव्याला उर्दूत आपण जाफरानी म्हणतो आणि तोच रंग ईदच्या जर्द्यात आवडीनं खातो. ताटात चालतो, मग सायकलीवर का चालू नये?

मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. गुलाबी, आसमानी, किरमिजी हे शब्द फारसीकडून मराठीत आले आणि इतके घरचे झाले की त्यांचा धर्म आजवर कोणी विचारला नाही. कुरआनच्या सूरह रूममध्ये तर माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी सांगितली आहे. तिथं माणसांच्या रंगाची गोष्ट आहे, हे मला ठाऊक आहे. पण जिथं माणसांचं वेगळेपण निशाणी ठरतं, तिथं लोखंडी सांगाड्यावरच्या रंगानं ईमान डळमळेल कसं?

म्हणून माझं म्हणणं दोघांनाही आहे. सरकारला सायकली वाटायच्या असतील, तर शाळेच्या अर्जात एक रकाना वाढवावा: रंग कोणता हवा? तीन-चार पर्याय द्यावेत. आणि आईबापांनो, दुकानात तुम्ही उंची बघा, ब्रेक दाबून बघा, घंटी वाजवून बघा, मागं लाल रिफ्लेक्टर आहे का ते तपासा. गडद रंग आवडला असेल तर दोन-चार चमकत्या पट्ट्या जास्त लावून घ्या. तुमची जबाबदारी तिथं संपते. रंगाचं पोरीला विचारा, आणि ती जो सांगेल त्यावर 'का' असं विचारू नका.