लॉटचा माल



गेल्या महिन्यात अमडापूरला भाच्याच्या कापड दुकानी दोन दिवस बसण्याचा योग आला. चिखली-खामगाव रस्त्यावरील या गावाची खरेदी शेतमालाच्या पैशावर चालते. कापूस-सोयाबीन विकले गेले की गिऱ्हाईक दिसते. मृग जवळ आला की तोच पैसा बी-बियाण्यांकडे वळतो. भाच्याने वही पुढे केली आणि विचारले, "मामा, इतका स्वस्त माल आणला, तरी गल्ल्यात काहीच का उरले नाही?"

लग्नसराई संपताना त्याने सुरतेहून 600 शर्टांचा लॉट उचलला होता. कर वगळून नगास 150 रुपये, म्हणजे 90,000. भाडे, हमाली, इस्त्री आणि नव्या पिशव्या मिळून आणखी 12,000. गठ्ठे सोडले तेव्हा 60 शर्ट डागाळलेले अथवा उसवलेले निघाले. ते त्याने वाटून टाकले. उरलेल्या 540 वर खर्च विभागला की नग 189 रुपयांस पडतो. दीडशेचा भाव तिथेच संपला! दिवाळीपर्यंत 300 शर्ट 250 रुपयांनी गेले. पुढे भाव पाडून 140 शर्ट 175 ने काढले. एकूण आले 99,500. आठ महिन्यांनी मुद्दलातच अडीच हजारांची तूट, कॅश क्रेडिटचे व्याज निराळे, आणि मांडणीवर लहान मापाचे 100 शर्ट. त्याचा सगळा नफा त्या शंभर शर्टांत अडकलेला आहे. शिवाय फुकट वाटलेल्या मालावर जीएसटीची वजावट घेतली असेल तर ती परत करावी लागते, हे त्याला ठाऊकच नव्हते.

तथापि माझी खरी चिंता दुसऱ्याच लॉटची होती. परगावचा एक दुकानदार दुकान बंद करीत होता. संपूर्ण माल निम्म्या भावात, रोखीने, बिलाशिवाय. भाचा दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन निघणार होता.

बँकेत असताना मालसाठ्याच्या तपासणीसाठी मी अनेक गोदामे पाहिली. एकदा पुढची थप्पी भरलेल्या खोक्यांची आणि मागच्या तीन रिकाम्या खोक्यांच्या, असेही पाहिले. माल आधीच कुणीतरी 'स्वस्तात' उचलला होता. कर्जदार व्यापाऱ्याच्या दुकानातील साठा बहुधा बँकेकडे हायपोथिकेशनने तारण असतो. नित्याच्या विक्रीत घेतलेल्या एका शर्टास कोणी हरकत घेत नाही. परंतु थकीत कर्जदाराचे अख्खे दुकान एका रात्रीत उचलणाऱ्याकडे बँक खुलासा मागू शकते. जो हक्क विकणाऱ्याकडे नाही, तो घेणाऱ्यास सहसा मिळत नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचे हेच मूळ तत्त्व आहे. बिल नाही म्हणजे कराची वजावट नाही आणि उद्या वाद झाल्यास पुरावाही नाही. आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोरून आणलेला माल घेणे, स्वतंत्रपणे गणले आहे. प्रतिक्रमणात आपण तो अतिचार उच्चारतो. खरेदीच्या वेळी मात्र तो आठवत नाही.

असा माल घेऊच नये, असे मी म्हणत नाही. पूर्वी 'बिग बझार' चालविणाऱ्या फ्यूचर रिटेलसारख्या कंपनीच्याही अवसायनाचा आदेश जुलै 2024 मध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने दिला. अवसायकाने किंवा बँकेने जाहीर लिलावात विकलेला माल कागदपत्रांसह मिळतो. मात्र 'जसा आहे, जिथे आहे' ही अट तेथे शब्दशः खरी असते. माल प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोली लावणे म्हणजे डोळे मिटून सही करणे. खासगी विक्रेत्याकडून घ्यायचे तर कर्ज कोणत्या बँकेचे आहे ते विचारावे, बँकेचे ना-हरकत पत्र मागावे, आणि तारणाची नोंद 'सरसाई'च्या केंद्रीय नोंदवहीत अल्प शुल्क भरून पाहावी. रक्कम खात्यातूनच द्यावी.

भाच्याने माझ्यासमोरच त्या दुकानदारास फोन लावला आणि बँकेच्या पत्राविषयी विचारले. "उद्या सांगतो," असे उत्तर आले. नंतर तीन दिवस त्याने फोन उचलला नाही. टेम्पोवाल्यास आगाऊ दिलेले पाचशे रुपये बुडाले, याची भाच्यास अजून हळहळ वाटते. शंभर शर्टांपैकी बावीस गेल्या आठवड्यात गेले, असे काल त्याने कळविले.