असा रणगाडा नव्हताच!

माणसाने स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या पगारातून आणलेला वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा रणगाडा कोणत्या रंगाने रंगवावा, याबाबत भारताची राज्यघटना मौन पाळून आहे. रिझर्व्ह बँकेचंही त्यावर परिपत्रक नाही. (रिझर्व्ह बँकेचं ज्यावर परिपत्रक नाही असा हा बहुधा एकच विषय उरला असावा; म्हणूनच मी तो छंद म्हणून निवडला.) तरीसुद्धा आपण रंगाची बाटली उघडावी, ब्रश बुडवावा, की खांद्यामागे कुणीतरी घसा खाकरतं आणि वाक्य येतं, "अहो, असा रणगाडा नव्हताच!"

हे वाक्य बोलणाऱ्या जमातीला मी शेडशास्त्री म्हणतो. सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी कुठल्या पानावर ठेवायची यावरून गुरुजींशी हुज्जत घालणारे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. शेडशास्त्री म्हणजे त्यांचीच प्लॅस्टिकमधली आवृत्ती. त्यांना रणगाडा दिसत नाही, फक्त रंग दिसतो. आणि तोही चुकलेला.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही अशा सुखी जिवांसाठी थोडक्यात सांगतो. खोक्यात दोन-तीनशे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि त्यातले निदान दोन पलंगाखाली हरवायचे. मग रंग. रणगाडा शत्रूला दिसू नये म्हणून त्यावर जे पट्टे-ठिपके काढतात त्याला कॅमोफ्लाज म्हणतात. कोशातला शब्द 'छद्मावरण' असा आहे. तो मोठ्याने उच्चारला तर शत्रू तेवढ्यानेही पळेल. पट्ट्यांच्या कडा नीट याव्यात म्हणून काहीजण चिकट लगद्याच्या वळ्या लावून मधली जागा फवारतात. आमच्या घरी त्यासाठी कणीक वापरली जाते. त्या दिवशी सौ. पोळ्या मोजून वाढते.

आता मुद्द्याकडे. गेल्या वर्षी एका गावात अशा मॉडेल्सचं प्रदर्शन होतं. तिथे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कोल्हापूरकडून वडिलांबरोबर आला होता. त्याचा रणगाडा उसाचा होता. म्हणजे प्लॅस्टिकचाच, पण रंगवला होता उसात लपण्यासाठी. खाली काळी माती, वर उभे हिरवे पट्टे, मधूनमधून वाळल्या पाचटाचे पिवळट फराटे; आणि तोफेच्या नळीवर चक्क उसाची पेरं काढलेली! मी पाच मिनिटं बघत उभा राहिलो. एवढ्यात शेडशास्त्री आले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाळ, हे कुठल्या आर्मीचं? असा रणगाडा नव्हताच. उसात रणगाडा कशाला जाईल, गुऱ्हाळाला?" आजूबाजूचे चार लोक हसले. मुलाने रणगाडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. वडील म्हणाले, "चल रे, रस पिऊ." दोघे गेले.

उसात रणगाडा कशाला जाईल? १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावी तो गेला होता. आपले रणगाडे तिथे उभ्या उसात दबा धरून बसले होते. आसपासच्या शेतांत पाणी सोडून चिखल केलेला होता. पाकिस्तानचे नवेकोरे अमेरिकन पॅटन रणगाडे त्यात आले, रुतले आणि उसातून तोफा सुटल्या. शंभराच्या आसपास रणगाडे तिथे पाकिस्तानने गमावले. पकडलेले पॅटन जिथे ओळीने मांडले होते, त्या जागेला पॅटन नगर असं नावच पडलं. आपल्या सेंचुरियनच्या नळीवर कुणी पेरं रंगवली नव्हती, हे मला मान्य. पण ऊस आणि रणगाडा यांचं नातं त्या पोराला बरोबर कळलं होतं आणि पस्तीस पुस्तकं वाचलेल्या माणसाला कळलं नव्हतं. कॅमोफ्लाज म्हणजे शेडकार्ड नव्हे हो, कॅमोफ्लाज म्हणजे लपणं! आणि कुठे लपायचं ते तिथे राहणाऱ्याला अधिक ठाऊक असतं.

बरं, ज्या शास्त्राच्या नावाने हा दरारा, त्याचं खातं एकदा तपासून पाहू. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. खातं दिसलं की मला ताळा केल्याशिवाय झोप येत नाही.

१९४०-४१ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश रणगाड्यांवर सरळ कडांचे तिरपे पट्टे असत. ब्रिगेडियर काँटर यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. त्यातला एक रंग आकाशी, असं कित्येक वर्षं सगळे मानत आले, कारण इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातल्या माटिल्डावर तसा रंग दिलेला होता. जगभरच्या शेडशास्त्र्यांनी तो आकाशी प्रमाण मानला, आकाशी नसलेल्या माटिल्डाला तेव्हाही कुणी म्हणालं असेलच, "असा रणगाडा नव्हताच." पुढे कुणी जुने कागद काढून बसलं, तेव्हा निघालं की तो रंग आकाशी नव्हताच, हिरवट झाकीचा करडा होता. म्हणजे इतकी वर्षं जे 'बरोबर' होते तेही कल्पनेनेच रंगवत होते. फरक एवढाच, की कल्पना दुसऱ्याची होती.

जर्मन रणगाड्यांची गोष्ट तर आणखी बहारीची. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला, की मूळ रंग गडद पिवळा राहील, आणि हिरवा व तांबूस तपकिरी हे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना मिळतील. ते पातळ करून ज्याचे त्याने मारावेत. पातळ कशात करायचे? पेट्रोलमध्ये, नाहीतर पाण्यात. आता डोक्यावर विमानं घिरट्या घालताहेत, पेट्रोलची बोंब आहे, फवारा धड चालत नाही, आणि रणगाड्यातला कुणी पोरगा ब्रशने पट्टे ओढतो आहे. त्याने किती पेट्रोल घातलं? एका डब्यातला हिरवा दुसऱ्यासारखा उतरला असेल? आणि हे आपल्याला कळतं कशावरून, तर बहुतेक कृष्णधवल फोटोंवरून, ज्यात हिरवा आणि तपकिरी दोन्ही सारखेच करडे दिसतात. या भांडवलावर शास्त्रीबुवा मला सांगणार, "तुमचा हिरवा दोन थेंब जास्त झालाय!"

गंमत म्हणजे हेच लोक पुन्हा बाटलीत पांढरा रंग मिसळतात. विचारलं तर उत्तर तयार: मॉडेल एक फुटावरून बघणं म्हणजे खरा रणगाडा पस्तीस फुटांवरून बघणं, आणि लांबचा रंग फिका दिसतो, म्हणून फिका करायचा. युक्तिवाद चांगला आहे. पण आमच्या कॅशियरने लांबून नोटा फिक्या दिसतात म्हणून रक्कम कमी लिहिली तर त्याला काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.

आणि हा पस्तिसावा हिस्सा तरी कुठल्या ऋषीने सांगितला? जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या हिशेबाने आकार ठरला. नंतर मोजलं तर प्रमाण एकास पस्तीसच्या आसपास भरलं. म्हणजे या साऱ्या अचूकतेचा पाया टॉर्चच्या सेलवर उभा आहे.

मला खरा राग येतो तो मात्र निराळ्या कारणाने. त्या गडद पिवळ्यावर हे लोक अर्धा तास बोलू शकतात. तो रणगाडा कुणाच्या गावात शिरला, त्याच्यापुढे कोण पळत होतं, यावर एक वाक्य नाही. हिटलरच्या फौजेचा रंग चुकला तर इतिहासाचा अपमान. बाकी इतिहासाचं काय झालं याची चौकशी नाही. त्यापेक्षा उसाचे पट्टे काढणारं पोर मला अधिक सज्जन वाटतं.

कल्पनेने मॉडेल रंगवणं हा पोरखेळ, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी शेवटचं व्हाउचर. १९१७ साली जर्मन पाणबुड्या ब्रिटिश जहाजं धडाधड बुडवत होत्या. नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकाराने सुचवलं, की जहाज लपत नसेल तर निदान बघणाऱ्याचा गोंधळ उडवू. त्यावर असे चित्रविचित्र पट्टे काढू की ते कुठल्या दिशेने चाललंय हेच कळू नये. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याला जागा मिळाली. तिथे लाकडाची छोटी जहाजं करून त्यांवर मनाला येतील तसे पट्टे रंगवत. रंगवणाऱ्यांत चित्रकला शिकलेल्या मुली होत्या. मग ते जहाज फिरत्या टेबलावर ठेवून पेरिस्कोपमधून बघायचं. नजर फसली की तोच नमुना खऱ्या जहाजावर. वाचकहो, ध्यानात घ्या: आधी खेळणं रंगलं, मग युद्धनौका! त्या मुलींच्या मागे उभं राहून कुणी "असं जहाज नव्हतंच" म्हणालं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, "बरोबर. उद्या असेल."

आणि झालंही तसंच, वारंवार. १९८२ साली पश्चिम बर्लिनमधल्या ब्रिटिश तुकडीने आपले चीफ्टन रणगाडे पांढऱ्या, करड्या आणि तपकिरी चौकोनांनी रंगवले, कारण त्यांना झाडीत नव्हे तर इमारतींत लपायचं होतं. रणगाडा कमी आणि बाथरूमच्या फरशा जास्त! आमच्या कुणी आधी तसा रंगवला असता तर त्याला प्रदर्शनाच्या दारातूनच परत पाठवलं असतं.

माझं म्हणणं असं नाही की सगळ्यांनी मनाला येईल ते करावं. मॉडेलखाली 'असल उत्तर, १९६५' अशी पाटी लावायची असेल, तर ते व्हाउचर आहे. तिथे ताळा लागलाच पाहिजे. त्यासाठी जुने कागद चाळत बसणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. पण व्हाउचरच्या पाठीवर फोन करता करता माणूस जी नक्षी काढतो, तिचं ऑडिट कुणी मागू नये. दिवसभर दुसऱ्याच्या सह्या जुळवणाऱ्याला रात्री साडेनऊ ते अकरा न जुळणारं काहीतरी करायला मिळालं पाहिजे, नाहीतर तो घरच्यांचं केवायसी करायला लागतो.

माझा चालू रणगाडा टी-५५ जातीचा आहे. तो मी पावसाळ्यातल्या मुंबईसाठी रंगवला. वरून पाहिलं तर जुलैत निम्मी मुंबई निळ्या ताडपत्रीची असते, म्हणून बुरुजावर निळे तुकडे. बाजूला गंजके पत्रे, शेवाळ, आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या. सौ. म्हणाली, "इतका घाण दिसतोय की तिथे कुणाचं लक्षच जाणार नाही." कॅमोफ्लाजला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र रॉयल अकॅडमीतही मिळालं नसेल.

यंदाच्या प्रदर्शनाचा फॉर्म आला होता. रकाने भरण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या शाखेत नाही. 'सैन्य' या रकान्यात 'स्वतःचे' लिहिलं. 'वर्ष' मध्ये 'चालू'. 'संदर्भ' मध्ये 'कुर्ल्याच्या पुलावरून, दुसरा वर्ग, खिडकीची जागा'. फॉर्म सोमवारी दिला, पावती घेतली आहे.