आजाऱ्याच्या उशाशी जागणारीला झोपू द्या

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे? मग हे आवाहन तुमच्यासाठी आहे, आणि ते रुग्णाबद्दल नाही. रात्री दोनदा उठून कूस बदलून देणारी, ओली चादर काढणारी, गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असलेली जी सून, बायको किंवा लेक आहे, तिच्याबद्दल आहे. तिच्या मनगटावरचा तव्याचा चटका पंधरवडा उलटला तरी ओलाच असेल, तर ‘सारखा हात लावतेस म्हणून’ असं म्हणून सोडून देऊ नका.

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषेच्या ताणाने जखम उशिरा भरते का, नेमकं हेच १९९५ साली तपासलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका आणि असा भार नसलेल्या, त्यांच्याच वयाच्या १३ बायका घेतल्या. साऱ्यांच्या हातावर सारखीच साडेतीन मिलिमीटरची जखम केली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना त्याहून नऊ दिवस जास्त लागले.

ताण संपेचना की रक्तातलं कॉर्टिसोल चढं राहू शकतं. जखमेकडे पेशींना बोलावून घेणारी रसायनं मग कमी पाझरतात; घाण साफ होणं आणि नवी कातडी धरणं, दोन्ही रेंगाळतं. अर्थात ताण हे एकच कारण नसतं. जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, तिचीही साखर तपासा. (रुग्णाची दर महिन्याला तपासली जाते, तिची कधी तपासली होती?)

‘किती करते हो बिचारी!’ म्हणणारे नातेवाईक पुष्कळ असतात. एक रात्र जागायला येणारा विरळा. कौतुकाने झोप भरून निघत नाही. म्हणून भाऊ, दीर, नणंदा, मुलगे, सगळ्यांना कळकळीची विनंती: भेटायला येताना फळं नकोत, मुक्कामाला या. याच शनिवारी. डायपर बदलायला शिका, औषधांची चिठ्ठी समजून घ्या आणि तिला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू द्या. लांब राहत असाल तर रात्रपाळीच्या मावशींचा पगार वाटून घ्या.

आणि ताई, तुम्हीच हे वाचत असाल, तर मनावरच्या ताणाबद्दल बोलण्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आजच फोन करा.