पगाराची मर्यादा आणि पगाराची हमी

मावळातल्या गहुंजे स्टेडियमवर २०१२ मध्ये पुणे वॉरियर्सचा संघ उतरला. सहारा समूहाने तो ३७ कोटी डॉलरला घेतला होता. आयपीएलमध्ये खेळाडूंवरच्या खर्चाला मर्यादा होतीच. तरी फ्रँचायझी शुल्काच्या वादात २०१३ मध्ये संघ संपला.

फुटबॉलमध्ये तर पुण्याने हे पुन्हापुन्हा सोसले. २०१५ मध्ये पुणे एफसी, २०१७ मध्ये डीएसके शिवाजीयन्स आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला. शेवटचा क्लब २०१८ मध्येच बालेवाडीत इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी खेळला होता. त्याची जागा हैदराबादला गेली. या लीगमध्येही पगारमर्यादा होतीच!

म्हणजे मर्यादा चुकीची नाही, अपुरी आहे. ती पगारावर लक्ष ठेवते, क्लबच्या तिजोरीवर नाही. युरोपात तिथला फुटबॉल महासंघ युएफाने संघावरचा खर्च, म्हणजे पगार, बदली शुल्क आणि दलालीचा भार, उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर आणून बांधला आहे. स्पेनच्या ला लीगामध्येही मर्यादा क्लबगणिक ठरते. तिच्यामुळेच २०२१ मध्ये बार्सिलोनाला मेस्सीची नोंदणी करता आली नाही. नियम एवढा कडक हवा.

भारतीय फुटबॉल महासंघानेही मर्यादा उत्पन्नाशी जोडावी, हंगामाआधी पगाराइतकी बँक हमी घ्यावी आणि अकादमीवरचा खर्च मर्यादेबाहेर ठेवावा. क्लब बुडाला की परदेशी खेळाडूला दुसरा देश मिळतो; तळेगाव-लोणावळ्याच्या मुलाला मात्र घराजवळचा एकमेव व्यावसायिक संघ गमवावा लागतो.