पक्षाघात : हातापायांपूर्वी धड पाहावे

पक्षाघाताचा रुग्ण चिकित्सालयात आणला, की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : "हात कधी उचलेल, चालू कधी लागेल?" आम्हीही त्याच प्रश्नामागे जातो. अभ्यंग होतो, स्वेदन होते, बस्तींचा क्रम आखला जातो. परंतु रुग्ण आधाराविना बसू शकतो काय, याची नोंद आमच्या किती रुग्णपत्रिकांत सापडेल?

धड सावरणे व श्वास घेणे ही कार्ये परस्परांपासून वेगळी नाहीत. श्वासपटल आणि उदराचे स्नायू दोन्हींत सहभागी असतात. एका अंगास कललेल्या रुग्णाची छाती पुरेशी फुलत नाही. उदराचे स्नायू दुर्बल झाले, की खोकल्यातील जोर जातो आणि कफ आत साचतो. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या २८व्या अध्यायात प्राणाच्या कर्मांत श्वासासह थुंकणे, शिंकणे व अन्नग्रहण, तर उदानाच्या कर्मांत वाणी, प्रयत्न व बल यांची गणना आहे. दृष्टी आपल्यापाशी होतीच. परीक्षणात तिचा वापर राहिला.

बेल्जियममधील संशोधकांनी २००४ मध्ये धडाच्या नियंत्रणाची २३ गुणांची मापनपद्धती मांडली. तिची पहिली कसोटी साधी आहे : खाटेच्या कडेवर, पाठीला व हातांना आधार न देता दहा सेकंद बसणे. हे न जमल्यास एकूण गुण शून्य धरले जातात. यास कोणतेही उपकरण लागत नाही.

आपल्या व्यवसायात या परीक्षणाचे महत्त्व अधिक, कारण आपण तेल व तूप देतो. गिळण्यात दोष असलेल्या, आडव्या पडलेल्या रुग्णास पाजलेला स्नेह श्वासमार्गात उतरू शकतो. पाण्याने जसा ठसका लागतो तसा स्नेहाने लागेलच असे नाही. तो फुप्फुसात राहून दाह उत्पन्न करतो. नस्यालाही हाच धोका आहे.

म्हणून आमचे मत असे, की प्रत्येक रुग्णपत्रिकेत तीन नोंदी आवश्यक मानाव्यात : आधाराविना बसतो काय, खोकला जोरकस आहे काय, पाणी पिताना ठसका लागतो वा नंतर आवाज घोगरा होतो काय. उत्तर प्रतिकूल असेल, तर स्नेहपान व नस्य थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. ताप वा धाप असल्यास रुग्णालयात पाठवावे. औषधी विक्रेत्यांनीही पक्षाघातासाठी घृत मागणाऱ्यास ठसक्याविषयी विचारावे आणि होकार आल्यास वैद्यांकडे परत पाठवावे. त्यात एका बाटलीची विक्री जाईल. रुग्ण मात्र वाचेल.