टक्कल, केशरोपण आणि महिनाभराची सुट्टी

या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांमध्ये केसांचा विषय आता बीपी-शुगरच्या बरोबरीने येऊ लागला आहे. फरक एवढाच की बीपीबद्दल लोक स्वतःचे नाव-गाव सांगून विचारतात आणि केसांबद्दल ‘माझ्या एका मित्राला’ अशी सुरुवात करून. या मित्राचे वय बहुधा पंचवीस ते बत्तीस. नोकरी दुबई, दोहा नाहीतर कुवेतला. वर्षा-दोन वर्षांनी महिनाभराची सुट्टी मिळते आणि घरच्यांनी त्याच सुट्टीत मुलगी बघायची, जमल्यास निकाहही उरकायचा असे ठरवलेले असते. मित्राला विचारायचे असते ते असे : मुंबईत उतरल्यावर तिथेच आठवडाभर राहून हेअर ट्रान्सप्लांट करून घेतले आणि मगच रत्नागिरीला घरी गेलो, तर चालेल का?

याचे उत्तर आम्ही सुरुवातीलाच देतो. चालणार नाही. हराम आहे म्हणून नव्हे, त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे. वेळेचा हिशेबच बसत नाही म्हणून.

भाताची लावणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तरवा उपटून दुसऱ्या खाचरात लावतात. केशरोपण म्हणजे तेच. डोक्याची मागची आणि कानांवरची बाजू टक्कल पडतानाही सहसा शाबूत राहते. तिथली केसांची मुळे एकेक काढून पुढच्या उजाड भागात लावली जातात. एका मुळाच्या कलमात एक ते चार केस असतात. पण लावलेले केस दोन ते आठ आठवड्यांत बहुतेक सगळे गळून पडतात. मुळे आत जिवंत असतात, वरचा केस तेवढा जातो. नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोके वर काढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि खरा परिणाम दिसायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात रोपण करून घेतलेला नवरदेव निकाहच्या दिवशी खपल्या पडत असलेले, लालसर आणि आधीपेक्षाही विरळ डोके घेऊन बसणार. फोटो आयुष्यभर राहतील ते वेगळेच.

एवढे सांगितल्यावर निम्मे ‘मित्र’ गप्प होतात. उरलेले निम्मे पुढचे विचारतात, त्यांच्यासाठी आता सविस्तर.

आधी केस का जातात ते पाहू. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे हा निसर्गाचा नियम आहे. उशीवर चार केस दिसले म्हणून घाबरू नये. पुरुषांमध्ये कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि शेंड्यावरून हळूहळू मागे सरकणारे टक्कल बहुतेक वेळा वंशाने येते. ते वडिलांकडूनच येते असे नाही, आईच्या बाजूनेही येते. आखातातल्या मुलांची ठाम समजूत असते की तिथल्या पाण्याने केस गेले. जड किंवा खारट पाण्याने केस कोरडे होतात, तुटतात हे खरे. पण मुळे बारीक होत जाण्याचे काम पाणी करत नाही. तोच मुलगा गावात विहिरीच्या पाण्यावर राहिला असता तरी त्याच्या मामासारखेच टक्कल त्याला बहुधा पडले असते.

एकदम मुठी-मुठीने केस जात असतील तर मात्र गोष्ट वेगळी असते. टायफॉइड, डेंग्यू, मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी असे होते आणि काही महिन्यांत बहुधा आपोआप भरून येते. रक्त कमी असणे, थायरॉइड, उपासमारीचे डाएट हीही कारणे असतात. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. ती वेगळा आजार आहे आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस थोड्याच दिवसांत झडून टक्कल पडले, ती बातमी वाचकांना आठवत असेल. सुरुवातीला पाण्यावर, शाम्पूवर संशय गेला. आपल्या कोकणाला विंचूदंशावरच्या संशोधनामुळे परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपास करून रेशनच्या गव्हात जास्त प्रमाणात असलेल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या गावकऱ्यांपैकी कुणी घाईने केशरोपणाच्या दुकानात गेला असता, तर त्याचे काय झाले असते याचा विचार करा. कारण कळल्याशिवाय उपाय करणे म्हणजे गळक्या कौलाखाली बादल्या बदलत बसणे. म्हणून पहिली पायरी त्वचारोगाचे डॉक्टर. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयात दाखवून रक्ताच्या साध्या तपासण्या होतात.

बायकांना टक्कल पडते का, असे अनेक अम्मी आम्हाला मुलींसाठी विचारतात. त्यांचे केस सहसा भांगाच्या दोन्ही बाजूंना विरळ होतात, कपाळाची रेषा टिकते. हिजाबमुळे केस जातात हा आरोप खोटा आहे. ओले केस घट्ट बांधून दिवसभर ठेवल्याने मात्र नुकसान होते, हिजाब असो वा नसो. त्यांच्यात मागची बाजूही अनेकदा विरळ असते, त्यामुळे रोपणाचा उपयोग कमी जणींना होतो.

औषधांबद्दल दोन नावे वाचकांनी ऐकलेलीच असतात. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. तिने अंगावर केस वाढतात हे दिसल्यावर डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. घाबरून बहुतेक लोक इथेच बाटली फेकतात. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि लावणे थांबवले की मिळवलेले हळूहळू जाते. द्रावणात बहुधा अल्कोहोल असते, मग नमाजचे काय, हा प्रश्न आम्हाला वारंवार येतो. औषधातल्या अशा अल्कोहोलला अनेक आलिम परवानगी देतात. मनात शंका असेल तर अल्कोहोल नसलेले द्रावणही मिळते, डॉक्टरांना तसे सांगा. इशानंतर लावले की रात्रभर वुजूचा प्रश्न येत नाही, मात्र उशीला टेकण्याआधी ते वाळू द्या. हात साबणाने धुवा. लहान मुलांच्या अंगाला ते लागू देऊ नका, आणि गरोदर बाईने तर ते वापरूच नये.

दुसरे फिनास्टराइड. पुरुषांच्या टकलासाठी रोज एक मिलिग्रॅमची ही गोळी १९९७ पासून वापरात आहे. तिने बऱ्याच जणांचे गळणे थांबते. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे असा त्रास होतो. गोळी बंद केल्यावर तो बहुतेकांचा जातो, काहींनी तो टिकल्याची तक्रार केली आहे. मन उदास होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचे. नुकत्याच निकाह झालेल्या मुलाने ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून खावी आणि मग घरात जे होते त्याचा दोष बायकोला द्यावा, असे घडते. गरोदर स्त्रीने तिची फुटलेली गोळी हातातही घेऊ नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. पन्नाशीपुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचे सांगावे, कारण तिने तो आकडा निम्म्याने कमी दिसतो.

कांद्याचा रस, माका, कलौंजीचे तेल यांबद्दल आम्हाला वाद घालायचा नाही. खोबरेल लावल्याने केस मऊ राहतात, तेवढे पुरे. कलौंजीची फजीलत हदीसमध्ये आहे म्हणून बाटलीवर मशिदीचे चित्र छापून टकलावर हमी देणाऱ्याला मात्र ती हमी कुणी दिली, हे विचारावे. डोक्यावर हिजामा केल्याने वंशाचे टक्कल भरते, हेही सिद्ध झालेले नाही. कुणी करून घेत असेल तर पाते नवे आहे का ते डोळ्यांनी बघावे. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातूनही पसरतात. आणि अकीक्याच्या वेळी बाळाचे डोके काढतात ती सुन्नत आहे, दाट केसांचा नुस्खा नाही.

आता रोपण. त्यात खरी काळजीची गोष्ट डोक्यापेक्षा खुर्चीमागे उभा असलेला माणूस आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसांचे रोपण करून घेतले. नंतर त्यांचा चेहरा आणि घसा सुजला, श्वास लागला आणि रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीची शंका डॉक्टरांनी व्यक्त केली. दिल्लीत २०२१ मध्ये तीस वर्षांचा एक मुस्लिम तरुण अशाच शस्त्रक्रियेनंतर अंगभर जंतुसंसर्ग पसरून गेला. घरचा कमावता तोच होता. त्याच्या प्रकरणावरून दिल्ली उच्च न्यायालयाने सलूनमधून चालणाऱ्या रोपणांची दखल घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढल्या, त्यांत हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे आहे आणि कार्यशाळेला बसून किंवा यूट्यूब बघून ते शिकता येत नाही, असे स्पष्ट म्हटले. यूट्यूबचे नाव सरकारी कागदात घालावे लागले, यावरून परिस्थिती काय असेल ते समजा.

म्हणून जाहिरातीतल्या आधी-नंतरच्या फोटोंपेक्षा डॉक्टरांची पदवी पाहा : त्वचारोगाचे एमडी किंवा प्लास्टिक सर्जरीचे एमसीएच. नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो तपासा. भूल कोण देणार, मुळे कोण काढणार, डॉक्टर दिवसभर खोलीत असणार की सकाळी तोंड दाखवून जाणार, आणि काही बिघडले तर कोणत्या रुग्णालयात नेणार, हे पैसे भरण्याआधी विचारायचे. अनेक ठिकाणी दर कलमामागे लावतात, त्यामुळे कलमे जितकी जास्त सांगितली जातील तितके बिल वाढते. मागच्या बाजूचा तरवा मर्यादित आहे. पंचविशीत सगळा वापरून टाकला आणि चाळिशीत टक्कल आणखी मागे सरकले तर मध्ये एक बेट आणि भोवती उजाड, असे दिसते. अशा वेळी हनुवटीखालच्या दाढीचे केस घेतात. दाढी ठेवणाऱ्याने ते आधीच मान्य आहे का ते ठरवावे.

दुसऱ्या माणसाचे केस शरीर स्वीकारत नाही. कृत्रिम धागे डोक्यात रोवण्यावर तर अमेरिकेने १९८३ मध्येच बंदी घातली.

दीनच्या बाजूने पाहिले तर ज्यावर मनाई आली ते दुसऱ्याचे केस आपल्या केसांना जोडणे. स्वतःचेच केस स्वतःच्या डोक्यात लावणे ही गेलेली गोष्ट परत आणणे आहे, असे बहुतेक समकालीन आलिम मानतात. इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ मध्ये मलेशियात पुत्रजाया येथे सौंदर्य-शस्त्रक्रियांवर ठराव केला, त्यात गळलेल्या केसांच्या रोपणाला परवानगी आहे. बुखारी आणि मुस्लिम शरीफमधली कोडी, टकल्या आणि आंधळ्याची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. टकल्याने केस मागितले म्हणून तो पकडीत आला नाही, पुढे मिळालेल्या मालात हात आखडला म्हणून आला.

रोपलेला केस कातडीतून उगवतो, विगसारखा वर बसत नाही, म्हणून पुढे मसह आणि गुस्ल नेहमीसारखेच. पहिल्या दिवसांचा प्रश्न वेगळा. आपल्याकडचे बहुतेक कोकणी मुस्लिम शाफई आहेत. शाफई मजहबमध्ये डोक्याच्या थोड्याशा भागाला ओला हात लागला तरी मसह होतो, तो जखम नसलेल्या जागी करावा. हनफी भावांना चौथा हिस्सा लागतो. डॉक्टर साधारण आठवडाभर डोके खाली झुकवू नका म्हणतात, म्हणजे सज्दा इशाऱ्याने. फर्ज गुस्लसाठी तयम्मुमची सोय कशी घ्यायची, हेही आधी मुफ्ती साहेबांना विचारून घ्या. रमजानमध्ये आणि उमराहच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठेवूच नये. मुळे धरल्यावर, काही महिन्यांनी, हलक केल्याने ती उपटली जात नाहीत. मूळ कातडीखाली असते, वस्तरा वर फिरतो. तोवर तकसीर आहे, शाफईंना त्यात तीन केसही पुरतात.

शेवटचा प्रश्न कोणी लिहून विचारत नाही, फोनवर विचारतात : मुलीकडच्यांना सांगायचे का? आमच्या मते सांगावे. निकाहआधी विग किंवा पावडर लावून दाखवणे आणि नंतर उघडे पडणे, यात मुलीच्या मनात पहिली गाठ पडते ती टकलाची नसते. ‘केस विरळ आहेत, औषध चालू आहे’ हे वाक्य अब्बांनी चहा पिताना सहज म्हणून टाकले तरी होते. आणि मुलगे घरातून लपून रोपण करतात तेव्हा दुसराही धोका असतो. लॉजवर एकट्या पडलेल्या मुलाला रात्री ताप भरला, डोळे मिटतील इतकी सूज आली, पू आला किंवा छातीत धाप लागली, तर त्याला दवाखान्यात नेणारा कोणी नसतो. कपाळाला थोडी सूज येणे अपेक्षित आहे, तीन-चार दिवसांत उतरते. धाप, ताप आणि पू अपेक्षित नाहीत, त्यात सकाळ होण्याची वाट बघू नका. भावाला तरी कोणत्या क्लिनिकमध्ये आहात तो पत्ता देऊन ठेवा.

पुढच्या अंकात शाळकरी मुलांचे चष्मे आणि मोबाइल.